अंगठा सांभाळा, आधारही सांभाळा



कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना फार महागात पडून आले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते याच अंगठ्यापायी. आजचा कोरा कागद म्हणजे दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये राहिलेला आपल्या आधार कार्डाचा फोटो!

योजनेचा अर्ज भरताना आपण आधार, पासबुक सारे व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि मोकळे होतो. काम झाले तरी कागद तिथेच राहतात. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघू शकतात. त्याला ओटीपी लागत नाही. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : नुसती ओळख पटवायची असेल, तर ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते. अनुदानाच्या कामाला पूर्ण क्रमांक लागतो. तो सरकारी केंद्रावरच द्यावा.

दुसरी : उतरवून घेतलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे व जन्मसाल. हे कुलूप ओळखीचा माणूस सहज उघडतो. तेव्हा केंद्रातून उठण्यापूर्वी संगणकावरची व फोनमधली प्रत आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला सांगा. त्यात संकोच कसला?

तिसरी : त्याच संकेतस्थळावर बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. त्यासाठी आपला मोबाईल आधारला जोडलेला हवा. रेशनच्या किंवा बँकेच्या कामापुरते ते उघडता येते.

चौथी : ओटीपी कोणालाही सांगू नये, साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही. अंगठा लावण्यापूर्वी ‘हा कशासाठी?’ असे विचारावे, आणि ‘ठसा उमटला नाही, पुन्हा लावा’ म्हटले तर पावती मागावी.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर रडत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आधारविषयी शंका असल्यास १९४७ वर विचारा.

घरातील शिकत्या मुलामुलींनी आजी-आजोबांना हे आज रात्री जेवणानंतर वाचून दाखवावे. पेन्शनचे पैसे त्यांच्याच अंगठ्यावर निघतात ना!