कापसाच्या ओलीला कटती, कोळशाच्या राखेला सूट!



सीसीआयच्या केंद्रावर गाडी लागली की आधी ओल मोजतात. 8 टक्क्यांच्या वर गेली की भाव कापला. 12 च्या वर गेली की गाडी परत. हा नियम आपण मुकाट्याने सोसतो. आता हाच काटा कोळशाला लावून पाहू.

आपल्या देशातल्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. म्हणजे क्विंटलभर कोळसा जाळला की 30 ते 45 किलो राख उरते. ही काही चुलीतली राख नव्हे. तिच्यात मुख्यतः सिलिका, अल्युमिना आणि लोह असते, शिवाय थोडे आर्सेनिक आणि शिसेही. गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ‘एवढे तर किरकोळ’, असे साहेब सांगतात. पण अर्धा किलो गंधक जळले की त्याचा एक किलो विषारी वायू होतो. हवेत त्याचे बारीक कण बनतात, लांबवर जातात आणि फुप्फुसात उतरतात.

आणि कोळशाचा दर कसा ठरतो? उष्णतेवर. 2012 पासून त्याच्या 17 प्रती केल्या आहेत. राख जास्त तर उष्णता कमी, उष्णता कमी तर दर कमी. म्हणजे राखेची कटती वीज केंद्राने खरेदीतच वसूल केलेली असते! मग ती राख आमच्या माथी का?

कायदा नाही असे नाही. राख वापरण्याचे आदेश 1999 पासून निघत आहेत. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये भरपाई लिहिली. तरी जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शिवारात पसरला. गंधकवायूवर 2015 मध्ये मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वाढवत नेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना यंत्र बसवण्यातूनच सूट दिली. कोणाला? मोठी शहरे आणि प्रदूषित ठरवलेली क्षेत्रे यांच्यापासून 10 किलोमीटरच्या पलीकडे असलेल्या केंद्रांना. म्हणजे फुप्फुसे शहरवाल्यांनाच असतात, खेड्यातल्या माणसाला नसतात!

आम्ही वीज नको म्हणत नाही. पण पानावर राख बसली की उजेड अडतो, झाड खुंटते. राखेने माखलेला कडबा बैल खातो. बोंडावर राख बसली की कापसाची प्रत उतरते, आणि कटती पुन्हा आपल्यालाच.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करा. किती राख निघाली, कुठे गेली, याचा हिशेब दरमहा ग्रामपंचायतीत लागला पाहिजे. राखेच्या आसपासच्या विहिरी आणि माती केंद्राच्या खर्चाने तपासली पाहिजे. पिकाचा पंचनामा करून भरपाई मिळाली पाहिजे. आणि गंधकवायूची सूट रद्द झाली पाहिजे.

कोळशाची कमाई ज्याची, राखही त्याचीच!