स्वस्त संगणक, फुकटची मुलगी

कशेळ्याजवळच्या एका कातकरवाडीत आम्ही मुलांसाठी संगणक बसवला. त्याचा हिशोब तुमच्यापुढे मांडते आहे.

मुंबईतल्या एका कार्यालयाने मोडीत काढलेला संगणक, जुना पडदा, नवा माऊस, देवनागरी अक्षरं चिकटवलेला कीबोर्ड आणि वीज गेली तर यंत्र नीट बंद करण्यापुरती चालणारी बॅटरी. त्यावर लिनक्स घातलं आणि ‘जीकॉम्प्री’ हा मुलांचा खेळसंच. दोन्ही मुक्त, त्यांना पैसा पडत नाही. हा संच २००० साली फ्रान्समध्ये सुरू झाला. मोजणी, अक्षरं, घड्याळ, कोडी असे शंभरावर खेळ त्यात आहेत. फ्रेंचमध्ये त्याचं नाव ‘मला समजलं’ असं ऐकू येतं. सगळा खर्च सहा हजारांच्या आत. किती स्वस्त, असं आम्हीच म्हणालो आणि देणगीदाराला पाठवायला फोटो काढला.

रात्री तो फोटो नीट पाहिला. पडद्यासमोर तीन मुलगे, माऊस त्यांच्या हातात. मागे पाच मुली उभ्या. दोघींच्या काखेत धाकटी भावंडं. ‘मला समजलं’ असं म्हणायची पाळी कोणाची, हे फोटोच सांगत होता. मग महिनाभर मी वहीत टिपत गेले. मुलींच्या हाती माऊस यायचा तो मुलगे ओढ्यावर खेकडे धरायला गेले, की त्या दिवशी.

मुलगे वाईट नाहीत, ते मोकळे आहेत. मुलगी मोकळी नाही, एवढाच फरक. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांची आणि तीही काही तासांची. त्याहून लहान मूल कोणी सांभाळायचं? आई मजुरीला गेली, की आठ-दहा वर्षांची मुलगी हेच वाडीचं पाळणाघर. पाणी तिनेच आणायचं, भात तिनेच शिजत घालायचा. आपण यंत्राची किंमत मोजली. तिचा वेळ कोणी मोजला नाही, कारण तो फुकट मिळतो.

आपल्या तालुक्यात हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली : प्रत्येक मुलाला एक. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिला नकार दिला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज जास्त तातडीची आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. तरी २००७ मध्ये या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत झाला. एक शिक्षक, वीस-बावीस मुलं, प्रत्येकाच्या हाती हिरवा-पांढरा लॅपटॉप. तोवर शंभर डॉलरचं यंत्र १८८ डॉलरच्या घरात गेलं होतं.

पेरू देशाने तर असे आठ लाखांवर लॅपटॉप घेतले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकन विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत मुलं थोडी पुढे दिसली, पण गणितात आणि भाषेत फरक सापडला नाही. यंत्र दिलं की मुलं आपोआप शिकतात, हे म्हणणं तिथेच उघडं पडलं. ‘आपोआप’ या शब्दावर आपण बायकांनी तर विश्वास ठेवूच नये. घरातलं काय आपोआप होतं ते आपल्याला माहीत आहे.

विजेचंही तेच. खालापूर तालुक्यात खोपोलीला १९१५ पासून आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२ पासून पाण्यावर वीज तयार होते. ती मुंबईसाठी. आमच्या वाडीत पावसाळ्यात तारेवर फांदी पडली, की चार दिवस अंधार. यंत्र स्वस्त म्हणणाऱ्यांनी हा अंधारही हिशोबात धरावा.

यावर चळवळीतल्याच काही मैत्रिणी म्हणतात, आधी रेशन, पाणी, रोजगार हमी. संगणक हे शहरी चोचले. मला हे पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण पुरुषांपैकी ४८.७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के. आज रेशन, दाखला, बँक, मजुरी सगळं यंत्रातून जातं. त्याला हात लावायला आपली मुलगी उद्या शिकेल असं म्हणणं म्हणजे तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन उभं राहावं, असं म्हणणं आहे. कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने इथल्या आदिवासींबरोबर धान्यबँका उभ्या केल्या. भुकेच्या महिन्यांत सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्य वाडीतच साठवायचं. कणगी भरली, की पुढचा प्रश्न किल्ली कोणाकडे हा असतो. संगणकालाही तोच प्रश्न विचारायचा आहे.

आम्ही किल्ली महिला मंडळाकडे दिली. मुलींची वेळ वेगळी ठरवली, सकाळचं पाणी भरून झाल्यावरची. त्या वेळात मंडळातल्या दोघीजणी त्याच खोलीत तान्ही मुलं सांभाळतील आणि त्यांना रोज मिळेल, असं ठरलं. देणगीदार म्हणाले, “यंत्राला पैसे देऊ, बायकांना कशाला? त्या घरीच तर असतात!” वीस वर्षं संघटनेत काम करते आहे, पण आपला सगळा लढा एका वाक्यात इतका नीट कोणी सांगितला नव्हता. मग आम्ही वर्गणी काढून तो रोज दिला.

चौथीतली एक मुलगी तीन आठवड्यांत इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करू लागली. तिने पहिल्यांदा आईचं नाव लिहिलं. आई पडद्याजवळ येऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “रेशन कार्डावर तर दुसरंच लिव्हलंय.” नावातलं अक्षर चुकलंय हे घरात पहिल्यांदा कळलं. दुरुस्तीचा अर्ज मुलीनेच टाइप केला.

दिवाळीनंतर ते घर वीटभट्टीवर गेलं. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची होती. ती मुलगी आता भट्टीवर भाऊ सांभाळते, विटा उलटते. पावसाच्या तोंडावर परत येईल तेव्हा वर्ष संपलेलं असेल. सहा हजारांचं यंत्र वाडीत आहे. ज्या हातांना ते जमलं होतं, ते हात इथे नाहीत.

आणि शाळा? २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून दुसऱ्या शाळांत मिळवण्याचं ठरवलं. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला. म्हणजे ज्या खैराटला देशातला पहिला प्रयोग झाला, तेवढ्या पटाची शाळा या रेषेच्या काठावरच. शाळा डोंगरापलीकडे गेली, की पहिली घरी बसते ती मुलगी. त्या बंद खोलीत कितीही स्वस्त संगणक ठेवा.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. संगणकाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात मुलं सांभाळणाऱ्या बाईचा रोज धरा. निम्मा वेळ माऊस मुलींच्या हाती राहील आणि त्याची वही राहील. किल्ली बायकांकडे. भट्टीवर जाणाऱ्या घरांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह दिवाळीच्या आधी सुरू झालं पाहिजे. आणि वाडीची शाळा वाडीतच राहिली पाहिजे.

मैत्रिणींनो, तुमच्या भागात कुठे संगणक बसला असेल तर एक फोटो काढा. काखेत मूल घेऊन मागे उभी असेल तिला पुढे बोलवा. ती पुढे येऊ शकली नाही, तर का नाही, ते आम्हाला लिहून कळवा.