घर आपले, पण कागद कुठे आहे?

भंडारा जिल्ह्यात घरमालक म्हटले की बाजारपेठेतला शेठ आणि भाडेकरू म्हटले की आमचा माणूस, अशी एकेकाळी विभागणी होती. ती आता पूर्णपणे खरी राहिलेली नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून, एस.टी. आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या अनेक बांधवांनी फंडाच्या पैशातून घर बांधले, वर दोन खोल्या चढवल्या आणि त्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत वरठीच्या पोलाद कारखान्यातला कामगार राहतो, शिकायला आलेली खेड्यातली पोरे राहतात. त्या भाड्यावर म्हातारपणीच्या औषधपाण्याचा खर्च निघतो. म्हणून भाडेकायद्यात बदल होणार अशी चर्चा निघते तेव्हा 'तो शेठलोकांचा प्रश्न आहे' असे म्हणून आम्हाला हात झटकता येणार नाहीत. शेठकडे वकील आहे. आमच्या निवृत्त फिटरकडे कोण आहे?

कायदा बदलला आणि माणूस गाफील राहिला, हे विदर्भाने पूर्वीही पाहिले आहे. आमच्याकडे मध्य प्रांत व वऱ्हाडाचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अंमलात आला आणि तो आदेश रद्द झाला. त्याला पाव शतक उलटले. तरीही आमच्या वस्त्यांत भाड्याचा व्यवहार आजही तोंडी चालतो. फार तर स्टॅम्प पेपरवर चार ओळी लिहून नोटरीचा शिक्का घेतला जातो आणि 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' असे समाधान मानले जाते.

हे समाधान खोटे आहे. 1999 च्या कायद्याचे कलम 55 सांगते की भाड्याचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेलाच हवा. मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. आयुष्यभराच्या कमाईचे घर अशा टांगत्या अवस्थेत ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

खर्च किती येतो? महिना 4,000 रुपये भाडे आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार धरला तर एकूण भाडे 44,000 रुपये होते. त्यावर 0.25 टक्के दराने मुद्रांक शुल्क 110 रुपये. अनामत रक्कम घेतली असेल तर त्यात थोडी भर पडते. नोंदणी फी नगर परिषद हद्दीत 1,000 रुपये आणि ग्रामीण भागात 500 रुपये. करार करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. एवढ्या खर्चात काय मिळते? मुदत संपूनही राहण्यासाठी दिलेली खोली सोडली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. वर्षानुवर्षे दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे कधीही बरे.

आता येऊ घातलेल्या बदलाविषयी. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. तो आपोआप लागू होत नाही. राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला तरच तो लागू होईल आणि तोही नव्या करारांना, जुन्यांना नाही. त्यात काय आहे ते मात्र आजच समजून घेतले पाहिजे. लेखी कराराची माहिती दोन महिन्यांच्या आत भाडे प्राधिकरणाला द्यायची. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घ्यायची नाही. खोलीत शिरण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवायचे. भांडण झाले तरी पाणी-वीज तोडायची नाही. आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या भाडेकरूला पहिले दोन महिने दुप्पट, त्यानंतर चौपट भाडे.

या चौपट भाड्याची धास्ती आम्हाला आहे, कारण आमचे बहुसंख्य लोक आजही भाडेकरूच आहेत. परंतु मालकाने करावयाच्या तयारीला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्यावी. नगर परिषदेची घरपट्टी, गावात नमुना आठ, जागा नझुलाची असेल तर पट्ट्याचे कागद एका ठिकाणी लावून ठेवावेत. चालू भाडेकरूशी बसून लेखी करार करावा व नोंदवावा. भाड्याची पावती द्यावी, ती देणे आजच्या कायद्यानेही बंधनकारक आहे. घेतलेली अनामत वेगळी ठेवावी, लग्नकार्यात उडवू नये. भाडे थकले म्हणून नळ बंद करणे किंवा सामान रस्त्यावर फेकणे टाळावे. पाणी-वीज तोडणे हा आजही गुन्हा आहे. आजच्या कायद्यात थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबण्याचा आणि मग दावा करण्याचा रस्ता आहे, त्याच रस्त्याने जावे.

कोणी विचारेल, आंबेडकरी दैनिकाने घरमालकांची वकिली का करावी? आमचे उत्तर असे की नोंदवलेला करार मालकाइतकाच भाडेकरूचाही आधार आहे. ज्याच्या हाती कागद आहे त्याला एका रात्रीत बाहेर काढता येत नाही. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना निघायला लावले. याच भंडाऱ्यातून बाबासाहेबांनी 1954 ची लोकसभा पोटनिवडणूक लढवली होती. आणि आज? 'आडनाव काय?' हा प्रश्न खोली पाहायला गेलेल्या आमच्या मुलामुलींना विचारला जातोच. उत्तर ऐकल्यावर 'खोली कालच गेली' असे सांगितले जाते.

1999 च्या कायद्यात या प्रश्नाला शिक्षा नाही. 2021 च्या मसुद्यातही नाही. भाडे किती, अनामत किती, नोटीस किती दिवसांची, याचा बारीक हिशेब मसुदा करणाऱ्यांना सुचला. जात पाहून दार लावणाऱ्याचे काय, हे सुचले नाही. महाराष्ट्र जेव्हा केव्हा नवा भाडेकायदा करील तेव्हा जात-धर्म पाहून घर नाकारणे हा गुन्हा ठरवणारे कलम त्यात आलेच पाहिजे. आमच्या आमदारांनी, वकील बांधवांनी आणि सामाजिक संघटनांनी ही मागणी आतापासून लावून धरावी. विधेयक मांडले गेल्यावर निवेदने देऊन काही होत नाही.

आणि ही मागणी करण्याचा अधिकार आम्हाला तेव्हाच उरेल, जेव्हा आमच्या घरमालकाच्या दारातही तो प्रश्न विचारला जाणार नाही. पोटजात विचारणारा, भटक्या जमातीच्या मजुराला किंवा मुसलमान कामगाराला परत पाठवणारा मालक आमच्या वस्तीतला असला तरी तो चूकच. भाडेकरूचे ओळखपत्र पाहावे, तो भाडे देऊ शकेल का ते पाहावे, करार नोंदवावा आणि किल्ली द्यावी. यापलीकडे विचारण्यासारखे काही नाही.