खोल समुद्र फक्त श्रीमंत देशांनीच पाहायचा का?

ऑगस्ट 2025 मध्ये दोन भारतीय अटलांटिक महासागरात खोलवर उतरले. आर. रमेश 4025 मीटरपर्यंत गेले आणि नौदलाचे निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग 5002 मीटरपर्यंत. बातमी अभिमानाचीच होती. पण ज्या पाणबुडीतून ते गेले ती ‘नॉटील’ फ्रान्सची होती. तीन माणसांना 6000 मीटर खाली नेणारी आपली ‘मत्स्य 6000’ तेव्हा चाचण्यांच्या टप्प्यात होती.

ही अडचण एकट्या भारताची नाही. मे 2025 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. 1958 पासूनच्या सुमारे 44 हजार बुड्यांचा हिशेब त्यात मांडला आहे. निष्कर्ष असा की, खोल समुद्राच्या तळापैकी जेमतेम 0.001 टक्का भाग माणसाने प्रत्यक्ष पाहिला आहे. त्यातही 97 टक्के बुड्या फक्त पाच देशांच्या: अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी. समुद्र सगळ्यांचा म्हणायचा, पण तो पाहायचा मात्र पाचच जणांनी.

असं का होतं? दर दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो. 6000 मीटरवर तो सुमारे 600 पट होतो. तिथे उजेड नाही, रेडिओ लहरी पोहोचत नाहीत, म्हणून यंत्राला जाड केबल लावून मोठ्या जहाजावरून सोडावं लागतं. असं जहाज समुद्रात ठेवायचा रोजचाच खर्च लाखोंच्या घरात जातो. गरीब देशातला संशोधक कितीही हुशार असला तरी इथेच अडकतो.

आता ही कोंडी थोडी फुटू लागली आहे. मोबाईलमुळे कॅमेरे, सेन्सर आणि छोटे संगणक स्वस्त झाले. ‘माका नीउ’ नावाचं यंत्र याचं चांगलं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ‘ओशन डिस्कव्हरी लीग’ या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी ते तयार केलं. आत रास्पबेरी पाय हा मुलांच्या प्रकल्पांत वापरला जाणारा छोटा संगणक, वर दाब सोसणारी नळी. हे यंत्र 1500 मीटरपर्यंत चित्रीकरण करू शकतं आणि त्यासाठी मोठं जहाज लागत नाही, लहान होडी चालते. आपल्याकडे कोचीच्या ‘आयरोव्ह’ आणि चेन्नईच्या ‘प्लॅनिस’ या कंपन्या पाण्याखालचे ड्रोन बनवतात. ते धरणं, बंदरं, पूल तपासायला वापरतात. म्हणजे या कामाला रोजगाराची बाजूही आहे.

मात्र स्वस्त म्हणजे कामचलाऊ नव्हे. जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ पाणबुडी दाबाने चिरडली आणि पाच जणांचा जीव गेला. कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचं प्रमाणीकरण झालेलं नव्हतं. माणूस आत बसणार असेल तर काटकसर चालत नाही. कॅमेरा बुडाला तर नुकसान काही हजारांचं, फार तर लाखांचं. म्हणून स्वस्ताईचा प्रयोग माणसाविना चालणाऱ्या यंत्रांवरच व्हायला हवा.

यात आपलं काय अडलंय, असं कुणी विचारेल. मध्य हिंदी महासागरात सुमारे 75 हजार चौरस किलोमीटर क्षेत्र खनिज गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे आहे. त्या गोळ्यांत निकेल, कोबाल्ट, तांबं आणि मँगनीज आहे. 2021 मध्ये केंद्राने 4077 कोटींचं ‘डीप ओशन मिशन’ मंजूर केलं. उद्या तळ खणायचा की राखायचा, हा निर्णय होईल. तळावर काय जगतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांचाच शब्द त्या चर्चेत वजनदार ठरेल. खुल्या समुद्रातील जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार 17 जानेवारी 2026 पासून लागू झाला आहे. त्यात विकसनशील देशांना तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. भारताने 2024 मध्ये त्यावर सही केली आहे. तरतूद कागदावर राहू द्यायची नसेल तर ती मागणारे लोकही तयार हवेत.

इथे कोकण किनारा आठवतो. रत्नागिरीपासून हर्णैपर्यंत आपले दालदी बांधव पिढ्यान् पिढ्या मासेमारी करत आले. कोकणी मुस्लिम घरांत जहाजावर नोकरीला गेलेला एखादा चाचा किंवा मामू हमखास सापडतो. वारा, भरती-ओहोटी, जाळं कुठे अडकतं हे ज्ञान या घरांत आहे. पण समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ही मुलं क्वचितच दिसतात. गोव्याच्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कोकणापासून लांब नाही. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. हैदराबादला समुद्रविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. दारं आहेत, पण आपल्या घरांत त्यांची माहितीच पोहोचत नाही.

सुरुवात फार मोठी लागत नाही. पीव्हीसी पाईप, छोट्या पंपाच्या मोटारी आणि एक कॅमेरा एवढ्यावर अनेक देशांतले शाळकरी विद्यार्थी पाण्याखालचं यंत्र बनवतात आणि स्पर्धेत उतरवतात. ते यंत्र खोल समुद्रात जाणार नाही, तलावात किंवा खाडीतच चालेल. पण पाणी आत शिरू न देणं, वजन आणि तरंगणं यांचा मेळ घालणं, वायरी जोडणं, हे सगळं मूल त्यातूनच शिकतं. आपल्या अंजुमनच्या शाळा आणि जमातींचे शिक्षण निधी दरवर्षी वह्या-पुस्तकं वाटतात, ते चांगलंच आहे. त्यातला थोडा वाटा अशा एका कार्यशाळेला द्यावा आणि तिथे मुलींनाही बसवावं. सरकारनेही किनाऱ्यावरच्या मच्छिमार तरुणांना संशोधनाच्या कामात पगारी सहकारी म्हणून घ्यावं, नुसतं होडी भाड्याने देणारे म्हणून नव्हे.

समुद्राचा तळ कोण पाहणार, हे पैशावर ठरत आलं आहे. यंत्रं स्वस्त होत असताना ते शिक्षणावर ठरावं, एवढीच आपली मागणी असायला हवी.