बास जास्त म्हणजे आवाज चांगला नव्हे



‘ज्याचा बास दणदणीत, तो हेडफोन उत्तम’ हे लातूरच्या एका वाचकाचे मत मला अजिबात पटलेले नाही. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते. बास म्हणजे त्यातला सुमारे २५० हर्ट्झच्या खालचा भाग. तोच फुगवला की व्यंजने झाकली जातात, कारण ‘स’, ‘श’, ‘ट’ यांची ओळख बरीचशी २,००० हर्ट्झच्या वर पटते. ‘मायटोसिस’ आणि ‘मायोसिस’ या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांच्या नावांत एका ‘ट’चे अंतर! लातुरात ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी मुले तासन्‌तास लेक्चर ऐकतात. शब्द नीट कळला नाही की ती आवाज वाढवतात, आणि भोगतात बिचारे कान.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातले कीर्तन लावून पाहा. समतोल हेडफोनवर डग्ग्याची घुमक, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ आणि पेटी वेगवेगळी ऐकू येते. बास फुगवलेल्यावर डग्गाच तेवढा उरतो. इअरबडची रबरी टोपी सैल असेल तर मात्र चांगल्याचाही बास गळतो. तेव्हा आधी टोपी बदलून बघा. आणि दुकानात डीजेचे गाणे नको, रोजच्या ऐकण्यातले भजन लावा.

– एक वाचक, नांदेड