ग्राहक राजा आणि चौदावा मजला

गावी माझी आई दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. दुकानदार वरूनच तिच्या पदरात पुडी टाकायचा. पैसे मात्र बिनदिक्कत उचलायचा. पैशाला विटाळ नव्हता. पुढं घाटकोपरला आलो, झोपडं टाकलं. इथला रेशनवाला म्हणायचा, "घ्यायचं तर घे, नाहीतर चालू लाग." तांदळात खडे, मापात पाप. गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या दारचा भिकारी.

आता म्हणतात जमाना पालटला, ग्राहक राजा झाला. खोटं नाही. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ साली तो नव्यानं केला, २० जुलै २०२० पासून लागू झाला. पाच लाखांपर्यंत मोजले असतील तर तक्रारीला फी नाही. वकील केलाच पाहिजे असं नाही. राहता तिथल्या जिल्हा आयोगात अर्ज टाका. १९१५ वर फोन फिरवा. मोबाईलवरचं दुकान पायरीखाली उभं करत नाही. आईला हे मिळालं नव्हतं, म्हणून मी ते हलकं लेखणार नाही.

पण दोस्तांनो, राजा व्हायला आधी पैसे मोजावे लागतात. कायद्यानं ग्राहक कोण? किंमत देईल तो. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांना या कायद्याखाली आणलं. बरं झालं. पण त्याच निकालात सांगितलं, जिथं सगळ्यांनाच उपचार फुकट, ते हॉस्पिटल कायद्याबाहेर. केसपेपरचे चिल्लर पैसे भरले म्हणून फरक पडत नाही. म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही तो राजा सोडा, गिऱ्हाईकसुद्धा नाही!

आणि ज्याच्या हाती सत्ता आली, तो ती चालवतो कुणावर?

माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून जेवण पोचवतो. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये वॉचमननं त्याला मेन लिफ्टमध्ये शिरू दिलं नाही. सामानाच्या लिफ्टमध्ये कुणाचं तरी फर्निचर चढत होतं. पोरगं चौदा मजले पायी चढलं. दार उघडलं, पिशवी गेली, दार बंद. खाली येईस्तोवर एक स्टार पडला होता. उशीर केला म्हणून! लिफ्टची बंदी स्टारमध्ये दिसत नाही.

रात्री त्यानं हे सांगितलं आणि मी गप्प झालो. त्याच आठवड्यात भर पावसात बिर्याणी गार आली म्हणून मीही कुणाला तरी एक स्टार दिला होता. पायरीखाली उभ्या राहिलेल्या बाईचा मी पोरगा. पायरीवर चढलो आणि वरून पुडी टाकली.

मालकानं सत्ता सोडलेली नाही. चाबूक तेवढा गिऱ्हाईकाच्या हातात दिला. पूर्वी मुकादमाला पगार द्यावा लागायचा. आता लाखो मुकादम फुकटात राबतात, आणि त्यात आपणही आहोत.

गिऱ्हाईकाच्या मर्जीनं काय काय विकलं जातं तेही बघा. १९ मार्च २०२४ ला झोमॅटोनं शुद्ध शाकाहारी गिऱ्हाईकांसाठी वेगळं पथक जाहीर केलं. हिरवा गणवेश, हिरवी पेटी. ओरड झाली तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाले, पथक ठेवतो, रंग काढतो. तो दिवस २० मार्च. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यात ओंजळ घातली होती. सत्त्याण्णव वर्षांनी विटाळाला 'ग्राहकाची पसंती' हे नवं नाव मिळालं!

तेव्हा तक्रार वर करा, खाली नको. कंपनीनं लुबाडलं तर आयोगात खेचा, अजिबात सोडू नका. पण दारात आलेल्या पोराला स्टार देण्याआधी विचारा, बाबा, तुला लिफ्टनं येऊ दिलं का? आणि आपल्या सोसायटीत, चाळीत, एसआरएच्या बिल्डिंगीत अशी पाटी असेल तर ती उतरवा.

सरकारलाही विचारा. याच महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी हमालांसाठी कायदा केला, मंडळ काढलं. राजस्थाननं २०२३ साली ॲपवर राबणाऱ्यांसाठी कायदा केला. गिऱ्हाईकाला आयोग आहे. चौदा मजले चढणाऱ्यानं तक्रार कुठल्या खिडकीत टाकायची? ती खिडकी मागून मिळणार नाही. त्याच्या बाजूनं उभं राहून उघडावी लागेल.