होडी नुसत्या वाऱ्यानं बुडत नाही

आज पिकाबद्दल नाही, होडीबद्दल लिहितोय.

२१ मे २०२४ ला उजनीत कुगाव–कळाशी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. त्याच वर्षी जानेवारीत गडचिरोलीत मिरची तोडायला निघालेल्या बाया वैनगंगेत बुडाल्या. तिथं चूक कुणाची, यात मी शिरत नाही. पण "वेळच आली होती" म्हणून आपण हात झटकतो, ते मला मान्य नाही. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा सुटतो. केळीला टेकू देताना हे आठवतं, होडीत पाय टाकताना नाही!

हिशोब बघा. डीएपीच्या चार गोण्या म्हणजे २०० किलो, तीन माणसांचं वजन. वर मोटरसायकल. होडीचा काठ पाण्यापासून वीतभर उरतो. वारा उठला की लाट त्याहून मोठी. बादलीभर पाणी आत आलं की १५ किलो वाढले, आणि ते गोणीसारखं एका जागी बसत नाही. होडी कलेल तिकडं धावतं. अर्धा भरलेला टँकर वळणावर झोल खातो, तसंच. मग माणसं घाबरून उभी राहतात, एका अंगाला सरकतात. संपलं.

"आम्हाला पोहता येतं" म्हणणाऱ्यांनी अंगात कपडे, पायात बूट घालून लाटांत पोहून बघावं. आणि लाईफ जॅकेट? उकडतं म्हणून मीही ते बुडाखाली घेऊन बसलोय. लाज वाटते आता.

पूल हवाच. पण तो होईस्तोवर एवढं तरी करा. होडीला बाहेरून रंगाची रेघ मारा, रेघ पाण्याला टेकली की एक गोणी जास्त नाही. ओझं तळाशी, मधोमध. गाडीची फेरी वेगळी. आभाळ भरलं की फेरी बंद. लाकडी होडी पाणी भरलं तरी तरंगते, पत्र्याची तळ गाठते; तिच्या दोन्ही टोकांना हवाबंद डबे पाहिजेतच. होडी उलटली तर तिलाच धरून राहा, काठाकडं पोहत सुटू नका.

कृषी सहायक साहेबांनाही सांगणं आहे. शिवारात तुम्हीही याच होडीनं येता. जॅकेट अंगात घातल्याशिवाय बसू नका. साहेब अडले की होडीवाला ऐकतो, आमचं ऐकत नाही.